कणकेवर दाताचा वण नव्हता

मित्रांनो, मी एक जुना पखवाज आहे आणि अजूनही कुणी कणकेचा गोळा घेऊन जवळ आलं, की त्यावर दातांच्या खुणा आहेत का ते मी आधी बघतो. हा संशयी स्वभाव मला जन्मतः नव्हता. तो मला एका रोगाच्या साथीत जडला.

माझं खोड शिसवीचं. तळेगावच्या कारागिरानं ते आतून कोरलं, दोन्ही तोंडांना चामडं चढवलं आणि कार्ल्याजवळच्या एका वाडीतल्या मारुतीच्या देवळात मी येऊन राहिलो. दर एकादशीला महिपतीबुवा कीर्तनाला उभे राहत आणि अंबाजी मला मांडीशी घेई. माझ्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, ओली कणीक थापावी लागते. तेव्हाच तो खोल, पोटातून येणारा नाद निघतो. ती कणीक मळून आणायची धोंडाबाई. विधवा, एकटी, देवळाची झाडलोट करणारी. गोळा अंबाजीच्या हातावर ठेवताना ती म्हणायची, "घे भाऊ, देवाचा घास." बुवांचा अभंग रंगात आला की खांबाशी बसून तिचे डोळे भरून यायचे. त्या दिवसांची आठवण झाली की माझी सैल झालेली चामड्याची वादी आजही ताणल्यासारखी होते.

मग ते वर्ष आलं. विलायतेत लढाई चालू होती आणि इकडे प्लेग गावं रिकामी करत फिरत होता. धोंडाबाई बहिणीला भेटायला लोणावळ्याला गेली आणि तिथल्या डॉक्टरांकडून प्लेगची लस टोचून आली. दंड सुजला, दोन दिवस कणकण होती, तिनं ती कुणापासून लपवली नाही. तेवढ्यानं कुजबुज सुरू झाली. टोचलं की माणूस वाळत जातं, असं कुणीतरी म्हणालं आणि लोक तिच्या दंडाकडे चोरून बघू लागले.

एका एकादशीला कीर्तन संपता संपता अंबाजीला निरोप आला की म्हैस अडलीय. माझी कणीक न काढताच तो धावला. पहाटे गाभाऱ्यातून एक उंदीर बाहेर आला. मला तेव्हाच शंका आली. उजेडाला न घाबरणारा, झिंगल्यासारखा चालणारा उंदीर मी कधी पाहिला नव्हता. तो माझ्याभोवती गिरकी खाऊन तिथंच पडला. कणकेला त्यानं तोंडही लावलं नव्हतं. पण वाळलेल्या कणकेचा एक तुकडा आपसूक निखळून त्याच्या शेजारी पडला होता.

सकाळी शालूबाईनं ते पाहिलं. शालूबाई म्हणजे वाडीचं तोंड.

"कणीक खाल्ली आन् उंदीर मेला! तिनं कायतरी कालवलंय. डाक्टरनं पुडी दिली आसंल. आज उंदीर, उद्या परसादात आपुन!"

धोंडाबाई कळवळून म्हणाली, "अगं, पलेगाचा उंदीर हाय ह्यो. उंदीर पडला की घरं सोडा, डाक्टरनं सांगितलंय."

"बघा! हिलाच बरं समदं ठावं!"

खरं सांगू का, मित्रांनो? भात नुकतंच घरात आलं होतं. भरलेल्या कणग्या टाकून माळावर जायला कुणाचा पाय निघत नव्हता. प्लेग मानला तर घर सोडावं लागणार. पुडी मानली तर एका बाईला बोल लावून घरात बसता येणार. लोकांनी सोयीचा संशय निवडला.

विहिरीवर धोंडाबाईची घागर बाजूला सारली गेली. तिच्याशी कुणी बोलेना. ती देवळामागं भिंतीकडे तोंड करून बसू लागली. जेवणखाण सुटलं; तिच्या ओठांवर हरीचं नावही येईना. तिला ताप नव्हता, गाठ नव्हती, तरी ती आजारी होती. हे दुखणं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

म्हशीच्या धावपळीतून अंबाजी चार दिवसांनी मोकळा झाला आणि मला साफ करायला आला. त्यानं वाळलेली चकती अलगद सोडवली आणि भीतीनं कुणी न शिवलेला तो खाली पडलेला तुकडा तिला लावून पाहिला. तुटलेली भाकरी जुळावी तसा तो बरोब्बर बसला. त्यानं सगळ्यांना हाका मारल्या.

"बगा नीट. दाताचा येक वण तरी हाय का? उंदरानं ही खाल्लीच न्हाई!"

"तू बी तिच्यातलाच," शालूबाई म्हणाली. पण तिचा आवाज पडला होता.

महिपतीबुवांनी वाद घातला नाही. घरी गेले, अंथरूण डोक्यावर घेतलं आणि माळाकडे चालू लागले. ते बघून एकेक दार उघडलं. ज्या घरानं दार लोटून राहणं पसंत केलं, त्या घरातून पुढं दोन माणसं गेली.

माळावर झोपड्या लांब लांब होत्या आणि भीती मात्र सगळीकडे सारखी. कोण कण्हतंय, कोणाची काख दुखतेय, याच्याकडे प्रत्येकाचे कान. बुवा म्हणाले, "आपापल्या दारात बसा. कीर्तन हितनं ऐकू येईल." अंबाजीनं माझ्यावर थाप मारली. कणकेवाचून माझा नाद पोकळ, रिकाम्या डब्यासारखा निघाला.

"अंबाजीभाऊ, कणीक लाव की!" कुणीतरी ओरडलं.

"मळणारी तिकडं बसलीय. तिला बोलवा."

कुणी हललं नाही. अंबाजी पोकळच वाजवत राहिला. ती थाप सगळ्या माळाला टोचत होती. अखेर शालूबाई उठली आणि परातीत पीठ घेऊन धोंडाबाईच्या खोपटाशी गेली.

"धोंडाबाई, पीठ आणलंय. माझ्या घरचं."

धोंडाबाईनं मान वळवली नाही. "चाळलंस का? न्हाईतर पुन्ना माझ्याच नावानं शिमगा."

"माझ्यावर इस्वास न्हाई?"

"न्हाई."

शालूबाईनं परात खाली ठेवली. मग तिथंच मातीत बसली. "बरं. तुज्याम्होरं चाळते. तू बघ."

चाळणीचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. मग पाण्याचा. मग दोघी मळू लागल्या, पण बांगड्या एकीच्याच वाजत होत्या. दुसरीचे हात उघडे होते.

मित्रांनो, मला वाजवाल तेव्हा काम झालं की कणीक खरवडून काढा, उंदरांना जेवण मांडून ठेवू नका. उंदीर पडला तर लपवू नका. आणि साथीत एखादं माणूस भिंतीकडे तोंड करून बसलं, तर लांबून तर्क करू नका. परात घ्या आणि त्याच्यासमोर जाऊन बसा.

त्या संध्याकाळी धोंडाबाई स्वतः चालत आली. तिनं गोळा अंबाजीच्या हातावर ठेवला. त्यानं थाप मारली आणि माझा नाद पार शेवटच्या झोपडीपर्यंत गेला. तेव्हा कुठं ती हळूच म्हणाली, "घे भाऊ."