कुंपणापाशी झटकलेले कपडे

लोखंडी जिन्याच्या सातव्या पायरीवर ग्लेनिस वाकली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. नाडी सुटलेली नव्हती. तिची मुलगी कायरा दडदडत वर निघून गेली होती. मागून ऐंशी वर्षांची आई, बेरिल, कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती. श्वास जागेवर येईपर्यंत आईने आपल्याला गाठू नये, एवढंच ग्लेनिसला हवं होतं.

बंद पडलेल्या वीजघराचं संग्रहालय झालं, तेव्हापासून बेरिल तिथे जाऊ या म्हणत होती. तिचा नवरा रॉन छत्तीस वर्षं तिथल्या वाफेच्या नळांवर ॲस्बेस्टॉसचे थर चढवत होता. शेवटी फुफ्फुसांत साठलेल्या त्या धुळीनेच त्याचा घास घेतला, त्याला आता अकरा वर्षं झाली. ग्लेनिस दरवेळी काहीतरी सबब पुढे करी. या शनिवारी तिला एकही सुचली नाही. मंगळवारी मेलबर्नला तिच्या छातीचा स्कॅन झाला होता आणि सोमवारी डॉक्टर काय ते सांगणार होते. तिच्या नवऱ्याखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिल्या मजल्यावर काचेच्या बंद पेटीत कामगाराचे कपडे टांगले होते. शेजारी नेव्ह नावाचे म्हातारे गृहस्थ बसले होते. इथलेच जुने फिटर, आता येणाऱ्याजाणाऱ्यांना माहिती देत. ॲस्बेस्टॉसची धूळ काही फाटकाशी थांबली नाही, कपड्यांवर बसून घरोघर गेली, असं ते सांगत होते. ग्लेनिसने आईचा दंड धरून तिला हलकेच पुढे ओढलं. बेरिल जागची हलली नाही.

"मी धुवायच्या आधी झटकायचे," ती नेव्हना म्हणाली. "मागच्या कुंपणापाशी. एक टोक माझ्याकडे, एक हिच्याकडे. पाच वर्षांची होती. भारी मौज वाटायची हिला. केस सगळे पांढरे व्हायचे."

नेव्ह खाली बघू लागले. ग्लेनिसला खोकला आला. तिने तो दाबला, तर दुप्पट जोराने उसळून आला.

"हवाच कोंदट आहे इथली," ती कशीबशी म्हणाली.

बेरिलने खुर्ची मागितली. नेव्हनी लगबगीने स्वतःची उचलून म्हातारीसमोर ठेवली. तिने ती फिरवून लेकीकडे सरकवली.

"बस."

"आई, मला काही..."

"तुझ्या बाबांचा श्वास चार वर्षं ऐकलाय मी. ईस्टरपासून तुझा ऐकतेय."

ग्लेनिस बसली. वरून कायराने हाक मारली, आजोबांचा फोटो सापडला म्हणून. येतो आम्ही, असं बेरिलने सांगितलं, पण पाऊल उचललं नाही.

"कधी कळणार?"

"सोमवारी. साडेदहाला." ग्लेनिस हाताच्या बोटांकडे बघत राहिली. "तुला सांगवेना. तू स्वतःला दोष देत बसली असतीस."

"ते माझं अकरा वर्षं चालूच आहे." बेरिलने काचेकडे पाठ केली. "म्हणजे सातला तरी निघायला हवं. गाडी मी चालवीन."

रॉन गेल्यापासून तिने गाडीला हात लावला नव्हता. नको म्हणायला ग्लेनिसने तोंड उघडलं. मग ती सरकली आणि खुर्चीची अर्धी जागा तिने आईसाठी मोकळी केली.