ओळंबा कोण हलवतं?

जेवणाच्या सुट्टीत सगळी साईट इमारतीभोवतीच्या बांबूंच्या परांचीखाली गोळा झाली होती. मध्ये एक चमत्कारी बाबा उभे. कडक इस्त्रीचे कपडे, बुटांवर सिमेंटचा कणही नाही आणि उजव्या हातात दोरीला लटकलेला पितळी ओळंबा. भिंत सरळ आहे का हे गवंडी ज्यानं पाहतो, तोच. बाबांचा ओळंबा मात्र म्हणे परांचीचं भविष्य सांगायचा. गोल फिरला तर परांची सुरक्षित, आडवा झुलला तर धोका.

"हात माझा, पण हलवणारा मी नव्हे," बाबांनी डोळे मिटून सांगितलं. "जमिनीच्या पोटातली शक्ती बोलते. मी नुसता तिचा टेलिफोन."

ओळंबा हळूहळू गोल फिरू लागला. मुकादमानं हात जोडले. मागे ठेकेदार असा खुशीत उभा होता, की जणू सुरक्षेचे बेल्ट आणि जाळ्या आत्ताच ट्रकमधून उतरल्या.

मी या साईटवर मालाची लिफ्ट चालवते. महिन्यापूर्वी तिसऱ्या मजल्यावरून एक गवंडी पडला, माझ्या दादाचा जोडीदार. त्याचा मणका मोडला. अजून अंथरुणातच आहे. तेव्हापासून मी अर्ज घेऊन फिरत होते. प्रत्येकाला बेल्ट, परांचीला कठडा, खाली जाळी. नाहीतर कुणी वर चढणार नाही. चाळीस जणांच्या सह्या आणि अंगठे मिळवता मिळवता माझ्या नाकी नऊ आले. ठेकेदारानं जाळीऐवजी बाबा आणला आणि दोन दिवसांत सत्तावीस जणांनी आपली नावं खोडली. पहिलं नाव दादानं खोडलं.

दादापुढे मी किती डोकं फोडलं. त्याचं एकच पालुपद, ओळंबा कधी खोटं बोलत नाही. वीस वर्षं तो त्याच्याच भरवशावर भिंती बांधतोय. बाबांनी अंगारा दिला असता तर दादा हसला असता. पण इथं गवंड्याच्याच हत्यारानं गवंड्याला गंडवलं होतं. मला बाबांपेक्षा दादाचाच जास्त राग येत होता. सुट्टी संपली की तो सातव्या मजल्यावर बाहेरून गिलावा करायला चढणार होता, कमरेला काहीही न बांधता.

मी गर्दीत घुसले आणि ओळंबा मागितला. बाईच्या हातात शक्ती टिकत नाही, असं बाबा म्हणाले. मग मी दादाकडे वळले.

"दादा, भिंत बघताना तू दोरी अशी हवेत धरतोस?"

"छे. वरचा लाकडी गुटका भिंतीला टेकवायचा. नुसत्या हातात तो ठरेल का?"

"का नाही ठरणार?"

"हात हलतो ना..." दादा बोलता बोलता थांबला.

मग त्यानं बाबांच्या हातातून ओळंबा काढून घेतला, परांचीच्या खिळ्याला टांगला आणि ठरू दिला. "आता विचारा," तो म्हणाला. बाबा पुटपुटले, घामाघूम झाले. ओळंबा ढिम्म. शक्तीला माणसाचा स्पर्श लागतो, अशी त्यांनी सारवासारव केली.

मी दोरी विटा वाहणाऱ्या मावशींच्या हातात दिली. हात स्थिर ठेवा, ओळंबा आडवा झुलतोय असं फक्त मनात आणा, म्हटलं. ओळंबा झुलायला लागला. "आईशप्पथ, मी नाही हलवला," मावशी घाबरून म्हणाल्या.

"मावशी, तुम्हीच हलवलात, फक्त तुम्हाला कळलं नाही," मी म्हणाले. "मनात आलं की बोट केसभर हलतं आणि लांब दोरीच्या टोकाला ते वीतभर दिसतं. बाबांचंही तेच; फरक इतकाच की ओळंबा कसा फिरायला हवा, हे त्यांना ठेकेदारानं सांगून ठेवलेलं होतं."

हशा पिकला. बाबांनी काढता पाय घेतला. मला वाटलं, आपण जिंकलो. तेवढ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला, बेल्ट पुढच्या आठवड्यात नक्की येतील असं ठेकेदार म्हणाला, आणि आत्ता पोट धरून हसणारेच शिडीकडे निघाले. संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा गेला, पण परांची होती तशीच होती.

दादानं माझ्याकडून अर्ज घेतला, खोडलेल्या नावाशेजारी पुन्हा नाव लिहिलं आणि तो शिडीच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसला.

"बेल्ट येईपर्यंत शिडी बंद," तो म्हणाला. "ज्याला जायचंय त्यानं मला तुडवून जावं."

कुणी गेलं नाही.

परांचीवर चढणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. कुणी कसलीही खात्री देवो, बाबा असो वा साहेब, त्याला एवढंच विचारा: माझा पाय घसरला तर मला अडवणारी वस्तू कुठे आहे? ती त्याला बोटानं दाखवता आली नाही, तर चढू नका.