फ्रीजरबाईचा भाऊ

प्रयोगशाळेत तिला सगळे फ्रीजरबाई म्हणायचे. तोंडावर नाही हं, पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही तक्रारही नव्हती. मोठ्या फ्रीजरची किल्ली तिच्या गळ्यात, आणि आतली थंडी अशी की तिच्यापुढे घरचा बर्फ म्हणजे गरम चहाच. कुणी नवखं माणूस रक्ताचा नमुना हातात धरून गप्पा मारत उभं राहिलं, की बाईचा पारा चढलाच.

"बर्फात ठेवायचं, बर्फात! हळूहळू वितळू द्यायचं. हाताची ऊब लागली की आतलं सगळं मोडतं. मग ते रक्त काय बोलणार, कपाळ?"

कारण काम होतं रक्ताला बोलतं करायचं. ज्यांचं मन कधी आभाळाला टेकतं आणि कधी पार तळाला जातं, बायपोलर म्हणतात त्या आजाराला, अशांपैकी कोण स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेईल हे रक्तात आधी दिसतं का, ते प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम शोधत होत्या. अजून कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

बाईचा धाकटा भाऊ त्यांच्यातलाच. घरात त्याचं नाव रेडिओ. मन चढलं की उजाडल्यापासून जो सुरू व्हायचा, तो जेवतानासुद्धा थांबायचा नाही. उतरलं की आठवडेच्या आठवडे बटण बंद. आईवडील गेल्यावर ही दोघंच उरली होती. रक्त द्यायला त्याला तिनेच आणलं. बाही वर करत तो म्हणाला, "ताई, आत कुठलं स्टेशन लागलंय ते मलाही सांग हं."

"गप बस रे मेल्या, हात हलवू नकोस," ती म्हणाली होती.

पुढच्या थंडीत तो गेला. स्वतःहून गेला. 'मेल्या' हा शब्द त्यानंतर तिने कुणालाही वापरला नाही.

मग घर खायला उठायला लागलं. भाजीत मीठ कमी पडलंय, एवढं सांगायलाही माणूस नव्हतं. शेजारणीचा मिक्सर ऐकू यावा म्हणून बाई खिडकी उघडी टाकायची. सुट्टीचा दिवस अख्खा न बोलता जायचा आणि दुसऱ्या दिवशी कामावर पहिला शब्द काढताना घसा खाकरावा लागायचा.

फ्रीजरमध्ये मात्र त्याची एक ट्यूब उरली होती. करंगळीच्या पेराएवढी, तळाशी रक्तातलं पिवळं पाणी गोठलेलं, वर नुसता नंबर. दुसऱ्या कुणाचा नमुना काढताना ती दिसली, की बाई मनात म्हणायची, आहेस ना?

एक दिवस मॅडम तिच्याजवळ येऊन बसल्या. "नवी चाचणी सुरू करतोय. जे गेले, त्यांचं रक्त आपल्याकडे फार थोडं आहे. त्यांच्याशिवाय ताडून कशाशी बघणार? पण तुमची परवानगी हवी. आणि खरं सांगते, त्यात ती ट्यूब पूर्ण संपेल."

बाईचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला. पण काही खूण सापडली तर दुसऱ्या कुणाचा भाऊ वेळेवर धरता येईल, हे तिला मनापासून हवं होतं. आणि त्याचं कुणाला आधी कळू शकलं असतं का, तेही तिला जाणून घ्यायचं होतं.

"घ्या की. त्यासाठीच तर दिलं होतं त्याने."

"काढायला दुसऱ्या कुणाला सांगू?"

"छे! माझ्या भावाला दुसरं कोण उठवणार?"

सकाळी तिने बर्फाचा डबा भरून टेबलावर ठेवला. ग्लोव्हज चढवले, ट्यूब काढली. नंबरावर पांढरं दव गोठलं होतं. ते तिने अंगठ्याने पुसलं, आणि तिला त्याचे मोजे आठवले. भारी थंडी वाजायची हो त्याला, भर उन्हाळ्यातसुद्धा लोकरीचे मोजे घालून घरभर फिरायचा! इतके दिवस त्याला कुठे ठेवलं आपण, आणि आता पुन्हा बर्फात घालायचं?

तिने एका हातातला ग्लोव्ह ओढून काढला. ट्यूब उघड्या हातात घेतली आणि मूठ घट्ट मिटली. थंडीचा असा चटका बसला की डोळ्यांत पाणी आलं, पण तिने मूठ सोडली नाही.

मॅडम आल्या तेव्हा डब्यात नुसता बर्फ होता आणि ट्यूब बाईच्या मुठीत.

"बाई! अहो, हे काय?"

"कळतंय मला. मीच ओरडते ना सगळ्यांवर." तिने मुठीकडे पाहिलं. "आता तो काही बोलायचा नाही. कुणाच्या तरी भावाचं नुकसान केलं मी, मॅडम."

मॅडम रागावल्या नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसल्या. मग वाया गेलेले नमुने टाकायचा डबा त्यांनी जवळ घेतला आणि हात पुढे केला.

"द्या इकडे. मी टाकते."

बाईने मूठ छातीशी धरली.

"थोडा वेळ राहू द्या ना," ती म्हणाली. "आत्ता कुठे ऊब आलीय त्याला."