चिलेशेच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांचा टीव्ही

मित्रांनो, एकवीस इंची पडदा आणि पाठीमागे ढेरीसारखं फुगलेलं अंग, असा मी एक म्हातारा टीव्ही. माझ्या जातीचे टीव्ही आता दुकानात मिळत नाहीत. भिंतीला चिकटणारे चपटे टीव्ही आले आणि आम्ही अडगळीत गेलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्यासमोर बसून लोकांनी एका माणसाला पोटभर शिव्या दिल्या आणि त्यातून पुढे बरंच काही घडलं. ते मी सांगितलं नाही तर दुसरं कोणी सांगणार नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जहाजाने आणि मग मालगाडीने मी झांबियातल्या कित्वे शहरात पोचलो. दुकानाच्या काचेआड मी चार महिने उभा होतो. लोंबे नावाचा एक खाणकामगार दर शनिवारी यायचा, काचेतून मला बघायचा आणि निघून जायचा. एका शनिवारी तो आत आला आणि मला हातगाडीवर घालून घरी घेऊन गेला. त्याची बायको कालुबा दारात वाट बघत होती. कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या, म्हणजे छापील कापडाच्या, टोकाने तिने माझ्यावरची धूळ पुसली. माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

त्या घरी मी सात वर्षं काढली. फुटबॉलच्या सामन्याला शेजारीपाजारी आपापली स्टुलं घेऊन यायचे. मुकुका नावाची मुलगी झाली. ती रांगायला लागल्यावर माझ्या पडद्यावर हात आपटून बातम्या देणाऱ्या बाईला हाका मारायची. लोंबे हसायचा आणि पडद्यावरचे तिच्या बोटांचे ठसे पुसू द्यायचा नाही.

मग लोंबे आजारी पडला आणि पावसाळा संपायच्या आत गेला. मुकुका तेव्हा सहा वर्षांची होती. अंत्यविधीसाठी घर माणसांनी भरलं, माझ्यावर कापड टाकलं. पुरल्यावर तिसऱ्या दिवशी लोंबेचा धाकटा भाऊ कातोंगो न्दोला शहरातून भाड्याची छोटी गाडी घेऊन आला. वस्तू आपल्या भावाच्या कमाईच्या आहेत, तेव्हा त्या त्याच्या रक्ताच्या माणसांनीच न्यायच्या, असं तो म्हणाला. कायदा वेगळं सांगत होता. बायकोचा हक्क होता, लेकराचा होता. पण तिथे कायदा विचारायला कोणी थांबलं नाही. आधी फ्रिज निघाला, मग पलंग, मग शिलाई मशीन, मग मी. कालुबा जमिनीवर पाय पसरून बसली होती. सुतकातल्या विधवेने उठायचं नसतं. ती उठली नाही.

पुढची पंधरा वर्षं मी न्दोल्याला कातोंगोच्या घरात होतो. मित्रांनो, कातोंगो दुष्ट होता असं समजू नका. तो सुतार होता. चर्चमध्ये भरदार आवाजात गायचा. गल्लीत कोणाचं मूल दगावलं तर लहानशी शवपेटी स्वतःच्या लाकडातून करून द्यायचा आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. लोक त्याला मान द्यायचे. त्याची बायको अगाथा, चिशा नावाच्या मुलाची आई, हिने माझ्यासाठी दोऱ्याचं पांढरं विणकाम केलं होतं. मी बंद असलो की ती ते माझ्या तोंडावरून ओढून घ्यायची. धूळ बसू नये म्हणून असेल, असं मला तेव्हा वाटायचं.

माझा आवाज घोगरा झाला. नव्या पद्धतीची चित्रं मला एकट्याला पकडता येईनात, म्हणून माझ्याशेजारी एक छोटा डबा आला. मी आता थोड्या दिवसांचा सोबती, असं घरात बोललं जायला लागलं. तेवढ्यात ती मालिका सुरू झाली.

रविवारी दुपारी चार वाजता, चर्चहून येऊन जेवणं झाली की मालिका लागायची. बुपे नावाच्या बाईचा नवरा वारतो आणि त्याचा भाऊ चिलेशे तिचं घर हळूहळू रिकामं करतो, अशी ती गोष्ट होती. चिलेशे पडद्यावर आला रे आला की घरात हलकल्लोळ व्हायचा. शेजारची फेलिस्तास भाजलेल्या शेंगांची परडी मांडीवर घेऊन सगळ्यात पुढे बसायची आणि टरफलं माझ्या काचेवर मारायची.

"एकदा ह्या मेल्याला माझ्या तावडीत द्या," ती म्हणायची. "मक्याच्या पिठाचा नशिमा ढवळायच्या दांड्याने पाठ सोलली नाही, तर नावाची फेलिस्तास नाही."

कोणाला बुपेचाच राग यायचा. इतकं मवाळ कशाला राहायचं, सरळ कोर्टात जायचं, असं त्यांचं म्हणणं. कोणी म्हणायचं, ती दुसरं लग्न करणार, बघा तुम्ही. चिलेशेचं काम करणाऱ्या नटाला बाजारात एका बाईने टोमॅटो द्यायला नकार दिला, अशी बातमी फेलिस्तासने आणली. अगाथा म्हणाली, त्या बिचाऱ्याचा काय दोष, तो पगारी माणूस. त्यावर फेलिस्तास म्हणाली, मग चांगल्या माणसाचं काम करून पगार घ्यावा. बायका खो-खो हसल्या.

आणि सगळ्यात मोठा आवाज असायचा कातोंगोचा. चिलेशे दिसला की तो गुडघ्यावर थाप मारून म्हणायचा, असल्या माणसाला गावाने वाळीत टाकलं पाहिजे. तो ढोंग करत नव्हता. पंधरा वर्षं मी त्याचा चेहरा समोरून बघितला आहे. त्याला खरोखरच राग यायचा. चिलेशेशी आपलं काही नातं आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

एका रविवारी चिलेशेने बुपेच्या घरातला टीव्ही उचलला. वायर जमिनीवरून घासत गेली. बुपेची पोर ती वायर धरून मागे मागे चालली, आणि तेवढ्यात वीज गेली. मी काळा पडलो. खिडकीतून ऊन येत होतं, त्यामुळे सगळे माझ्या काचेत स्वतःलाच बघत बसले. वीज येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून फेलिस्तास सहज म्हणाली,

"कातोंगोभाऊ, तुमचा टीव्ही बाकी दणकट हो. कुठून घेतला होतात?"

"भावाचा आहे," कातोंगो म्हणाला. "तो गेल्यावर मी त्याच्या..."

पुढचे शब्द त्याच्या तोंडातच राहिले. फेलिस्तासच्या हातातली शेंग तशीच राहिली. वीज लवकर आली नाही.

त्यानंतर कातोंगो बदलला. तो चिलेशेची बाजू घ्यायला लागला. मालिका लिहिणाऱ्याला एकच बाजू दिसते, अंत्यविधीला राबलं कोण, पाहुण्यांना जेवू कोणी घातलं, हे कोणी दाखवत नाही, असं तो तावातावाने सांगायचा. बायका मान खाली घालून ऐकायच्या. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी तो बोलत असताना अगाथा उठली आणि माझा आवाज तिने बंद केला.

"पुरे झालं," ती म्हणाली. "त्या दिवशी गाडीत पुढच्या सीटवर मी बसले होते. पलंग बाहेर आला तेव्हा गादी कशाला मागे ठेवायची, असं म्हणणारी मीच. ह्या मालिकेत चिलेशेची बायको दाखवत नाहीत. दाखवली असती, तर तुम्ही मला ओळखलं असतं."

"चिशाची आई, हे सगळ्यांसमोर कशाला?" कातोंगो हळू आवाजात म्हणाला.

"शिव्या सगळ्यांसमोरच देत होतो ना?"

फेलिस्तासने परडी उचलली, संध्याकाळची कामं पडली आहेत असं म्हणाली आणि गेली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या. पुढचे दोन रविवार कोणी आलं नाही. नवराबायको दोघंच माझ्यासमोर बसायची. चिलेशे यायचा, जायचा. कोणी बोटं मोडत नव्हतं. तेव्हा मला कळलं की पांढरं विणकाम धुळीसाठी नव्हतं. मी बंद असतानासुद्धा अगाथाला माझ्याकडे बघवत नसे.

कालुबा कापिरी म्पोशी गावाला असते, तिथल्या बसथांब्याजवळ तिची खानावळ आहे, असं चर्चमधल्या कोणाकडून तरी कळलं. एका शनिवारी सकाळी दोघांनी मला चितेंगेत गुंडाळलं आणि बस धरली. दोन तास मी कातोंगोच्या मांडीवर होतो. माझं वजन जास्त होतं, तरी त्याने मला खाली ठेवलं नाही.

कालुबाने त्यांना दारातच ओळखलं. कातोंगोने गुडघे टेकून, तळहात पोकळ करून, हलक्या टाळ्या वाजवून तिला मान दिला. तिने ओरडाआरडा केला नाही. बसायला स्टुलं दिली, हात धुवायला पाणी दिलं, नशिमा आणि सुकी मासळी वाढली.

जेवण झाल्यावर कातोंगोने माझ्यावरचं कापड काढलं. "वहिनी, हा तुमचा टीव्ही."

कालुबाने माझ्याकडे पाहिलं. "चालतो?"

"चालतो. आवाज जरा घोगरा झालाय."

"आणि फ्रिज?"

"मोडला."

"शिलाई मशीन?"

अगाथा म्हणाली, "विकलं, ताई. चिशाच्या शाळेसाठी."

"मुकुकाची शाळा त्याच वेळी सुटली," कालुबा म्हणाली. "दोन वर्षांनी मी तिला पुन्हा शाळेत घातलं."

तिच्या भिंतीवर एक चपटा, नवाकोरा टीव्ही होता. माझी तिला गरज नव्हती. तो चपटा टीव्ही बघून कातोंगोचा चेहरा उतरला. पंधरा वर्षांनी तो जे परत करायला आला होता, ते आता कोणी फुकटही घेतलं नसतं.

"मालिका बघून आलात ना, भावोजी?" कालुबाने विचारलं. त्याने होकार दिला. "मीही बघते. पण ती बुपे फार रडते. मला रडायला वेळ नव्हता. सुतक संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लोकांची भांडी घासत होते."

तेवढ्यात मुकुका आत आली. ती आता एकवीस वर्षांची होती. कोण आलं आहे ते आईने सांगितलं तेव्हा ती माझ्यासमोर बसली आणि मला निरखून बघत राहिली.

"हा टीव्ही मला आठवत नाही," ती म्हणाली. "हा नेल्यावर भिंतीवर जो पांढरा चौकोन राहिला होता, तो आठवतो. घर सोडेपर्यंत मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसायचे."

मित्रांनो, बावीस वर्षांत मी किती रडणाऱ्या बायका दाखवल्या असतील. त्यांच्यावर लोक हळहळले असतील. पण मुकुकाचं ते वाक्य ऐकून त्या खोलीत कोणी हळहळलं नाही. कोणाचं तेवढंही धाडस झालं नाही.

अगाथाने माफी मागितली. कालुबाने ती ऐकून घेतली, मग आपल्याला काय हवं ते सांगितलं. पुढच्या महिन्यात मुकुकाच्या सोयरिकीची बोलणी करायला मुलाकडचे येणार होते. बापाच्या बाजूने बसायला कोणी नव्हतं.

"तुम्ही येऊन बसा," ती कातोंगोला म्हणाली. "मुलाकडचे देज देतील, त्यात वाटा मागायचा नाही. इतकी वर्षं कुठे होतात असं ते विचारतील. तेव्हा खरं सांगायचं. शब्द न् शब्द."

परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा कातोंगो म्हणाला की बोलणीला येऊन बसेन. मला परत नेण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी कालुबाच्या खोलीत, मक्याच्या पिठाच्या पोत्याशेजारी राहिलो.

ठरल्या दिवशी तो येईल असं कालुबाला वाटत नव्हतं. तिने तसं मुकुकाला बोलूनही दाखवलं. पण तो आला, अगाथाला घेऊन, इस्त्री केलेला कोट घालून. मुलाच्या बाजूचा मध्यस्थ वयस्कर होता. ओळखी झाल्यावर त्याने तोच प्रश्न विचारला. मुलीच्या बापाकडची माणसं आजवर दिसली कशी नाहीत?

कातोंगो उभा राहिला. चर्चमध्ये गाणारा त्याचा आवाज त्या दिवशी माझ्यापेक्षाही घोगरा झाला होता.

"थोरला भाऊ पुरला आणि तिसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो," तो म्हणाला. "वहिनी जमिनीवर बसली होती. तिच्यासमोरून एकेक वस्तू उचलली. आपल्याकडे बापाच्या भावाला बापच म्हणतात. मी ह्या पोरीचा बाप व्हायचं, तर हमाल झालो."

मुलाच्या आत्याने जीभ चकचक वाजवली आणि तोंड फिरवलं. मध्यस्थाने हातातली टोपी दोनदा उलटसुलट केली. मग तो कालुबाकडे वळला आणि ह्यांनी बसावं की जावं, ते तुम्हीच सांगा, असं म्हणाला.

"बसू देत," कालुबा म्हणाली. "खरं बोलायला आलेत. उपाशी नाही पाठवणार."

सोयरीक जुळली. लग्न झालं. सगळं गोड झालं असं मात्र मी म्हणणार नाही. मुकुका त्याला अजून बाबा म्हणत नाही. 'चिशाचे वडील' म्हणते. तो महिन्यातून एकदा येतो, खानावळीची मोडकी बाकं दुरुस्त करतो, जेवतो आणि जातो. न्दोल्याला फेलिस्तास त्याच्याशी बोलते, पण पूर्वीसारखी थट्टा करत नाही, असं त्याच्या बोलण्यात आलं.

मालिका संपली तेव्हा चिलेशे गाडीखाली सापडून मेला. खानावळीत जमलेल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. कालुबाने नाही पिटल्या. ती म्हणाली, "मेला आणि सुटला. त्याला बुपेच्या घरी जेवायला बसवायला हवं होतं."

मित्रांनो, आता माझा पडदा उजळत नाही. उद्या कोणी मला उचलून नेईल. माझ्या जातीचा टीव्ही तुमच्या घरी असेल तर त्याला ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका. आमच्या काचेत विषारी शिसं असतं. जुन्या वस्तू घेणाऱ्या माणसाकडे नीट पोचवा. एवढी काळजी घ्यायला फार कष्ट पडत नाहीत.

दुसरी काळजी घ्यायला जास्त कष्ट पडतात. पडद्यावरच्या माणसावर खुशाल चिडा, बोटं मोडा, माझी हरकत नाही. मात्र ज्या घरात माणूस गेलं असेल तिथे जाताना पिठाची पिशवी घेऊन जा, आणि परत येताना हात रिकामे ठेवा.