मोठ्या सिस्टरांची अकरा मिनिटं

माझी ताई सल्लागार कंपनीत होती. म्हणजे नेमकं काय करते, हे आईला कधीच कळलं नाही. "दुसऱ्यांचं काय चुकतंय ते सांगते," असं ती शेजारच्या काकूंना सांगायची. काकू म्हणायच्या, "ते तर मी फुकट सांगते."

ताईचं शेवटचं काम एका मोठ्या हॉस्पिटलचं होतं. त्यांना माणसं कमी करायची होती, म्हणून नर्सचा दिवस कुठे जातो ते मोजायचं होतं. वॉर्डाच्या कोपऱ्यात उभं राहून नोंद करायची: औषध, ड्रेसिंग, कागदपत्रं, बोलणं. टीममध्ये आधी सहा जण होते. दोघांना दुसरीकडे हलवलं, एक जण आजारी पडला तो परत आलाच नाही. तारीख मात्र तीच राहिली. ताईचे साहेब सारखा फोन करायचे, "दोन मिनिटं आहेत का?" त्यांची दोन मिनिटं पाऊण तासाची असायची. आम्ही घरात त्यांना दोनमिनिटे साहेबच म्हणायचो.

ताई कशालाच नाही म्हणत नव्हती. रविवारीसुद्धा सकाळी सातला बाहेर. भावजी एकदा वैतागून म्हणाले, "तुझ्याशी बोलायला मला आता अपॉइंटमेंट घ्यावी लागणार." ती हसली नाही. तिने फोनवर कॅलेंडर उघडलं आणि म्हणाली, "गुरुवारी चालेल?"

एका सकाळी दहाच्या सुमारास ती वॉर्डात उभी होती आणि हातातल्या स्क्रीनवरची अक्षरं तिला लागेनात. दिसत होती, पण वाचता येईनात. तिने स्क्रीन पुसली, चष्मा पुसला. मग ती भिंतीला टेकली.

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर पलीकडे इंजेक्शन भरत होत्या. पन्नाशीच्या, आवाजाने खणखणीत. या मोजणीवाल्यांवर त्यांचा राग होता आणि तो त्या लपवतही नव्हत्या. पण त्यांनी ताईला दंडाला धरून रिकाम्या खाटेवर बसवलं, पडदा ओढला, बीपी बघितलं.

"झोपतेस किती?"

"चार तास. कधी पाच."

"आणि रडतेस?"

"नाही. वेळच नसतो."

"मग आता रड," सिस्टर म्हणाल्या, आणि शेजारी बसून राहिल्या. ताई रडली. सिस्टरनी तिला पाणी दिलं, डॉक्टरांकडे आजच जा म्हणून दरडावलं आणि उठल्या.

डॉक्टरांनी महिनाभर पूर्ण विश्रांती सांगितली. ताईने चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि दुपारी परत कामावर गेली! दिवसाच्या नोंदी तपासताना तिला एक ओळ दिसली. तिच्याच हाताखालच्या मुलीने पडद्याबाहेर उभं राहून इमानदारीने टिपलं होतं: रुग्णसेवेबाहेरचं बोलणं, अकरा मिनिटं.

तिने दोनमिनिटे साहेबांना फोन लावला. "त्या अकरा मिनिटांत सिस्टर माझ्याशी बोलत होत्या. मला बरं नव्हतं. ती ओळ काढू या."

"बरं नव्हतं तर सांगायचं ना," साहेब म्हणाले. "काळजी घे. पण एक ओळ काढली तर उद्या प्रत्येक जण कारण घेऊन येईल. आणि शुक्रवारचं सादरीकरण तूच करतेयस ना?"

ताईने पर्समधून चिठ्ठी काढली, तिचा फोटो त्यांना पाठवला, आणि खाली राजीनामा लिहिला. तीन ओळींचा. अक्षरं आता नीट लागत होती, असं ती म्हणाली.

घरी आईने कपाळावर हात मारला. "थकायला काय झालं? एसीत बसून काम!" भावजींनी तिचा फोन बंद करून कपाटात ठेवला. ती नऊ दिवस जवळजवळ झोपूनच होती.

मला वाटलं होतं, तिच्यावाचून त्यांचं अडेल. कसलं काय. तिच्या जागी ती नोंद टिपणारीच मुलगी बसली आणि शुक्रवारचं सादरीकरण तिने केलं. म्हणे, छान झालं.

दोन महिन्यांनी ताई मिठाईचा डबा घेऊन मोठ्या सिस्टरांना भेटायला गेली. मी सोबत होतो. वॉर्डाला कुलूप होतं. दोन वॉर्डांचा एक केला होता आणि सिस्टरांना तळघरात फायलींवर बसवलं होतं. ताईने सगळं सांगितलं. ती ओळ, फोन, राजीनामा.

सिस्टरनी मान न उचलता ऐकलं. "म्हणजे तू सुटलीस," त्या म्हणाल्या.

"मी सांगून बघितलं होतं, सिस्टर."

"एका ओळीबद्दल सांगितलंस. बाकीच्या हजार ओळी तूच लिहिल्या होत्यास ना?"

डबा टेबलावर ठेवावा की नाही, हे ताईला कळेना. शेवटी सिस्टरनीच तो घेतला आणि फायलींमागे सरकवला. "जा आता. तब्येत सांभाळ," म्हणाल्या. त्या खरंच काळजीने म्हणाल्या, तेच ताईला सोसलं नाही.

आता ती एका छोट्या ऑफिसात हिशेबनीस आहे. पाचला सुटते, साडेपाचला घरी असते. चपला न काढता खुर्चीत बसते आणि भावजी येईपर्यंत तशीच बसून राहते. आई म्हणते, बरी झाली की पूर्वीसारखी होईल. भावजी आईसमोर मान डोलावतात. मला मात्र त्यांनी परवा विचारलं, "पूर्वीची म्हणजे नेमकी कधीची रे?"