तात्यांच्या कमरेवरून

मी एक चामड्याचा पट्टा बोलतोय. नुसता पट्टा नव्हे. माझ्या उजव्या अंगाला एक खिसा आहे, वर रुंद आणि खाली निमुळता. शहरातल्या दुकानांत मला होल्स्टर म्हणतात. पोटात रिव्हॉल्व्हर दडवायचं आणि वरून सदरा पडला की जगाला पत्ता लागू द्यायचा नाही, हे माझं जन्माचं काम. पण ज्याला जन्मभर गुपित राखायला सांगितलंय, त्याला बोलायची केवढी खुमखुमी असते म्हणून सांगू!

माझे मालक पाम गावचे बागायतदार धर्माजी. सगळं गाव त्यांना तात्या म्हणे, त्यांची लेक मंदासुद्धा. बोईसरला कारखाने उभे राहिले, नवी माणसं आली, आणि एके वर्षी तात्यांच्या चिकूच्या वाडीतल्या विहिरीवरचा पंप चोरीला गेला. तात्यांनी घाबरून रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज केला. अर्ज केला तेव्हा भीती होती. परवाना हातात पडेपर्यंत भीती विरून गेली आणि हौस तेवढी उरली. रिव्हॉल्व्हर विकत आणलं, पण ते त्यांनी कधी झाडलं नाही. चिकू खाणाऱ्या वटवाघळांवरसुद्धा नाही. कपाटात ठेवायचं, काढायचं, पुसायचं, परत ठेवायचं.

आणि मग मंदाचं लग्न ठरलं.

मुलगा प्रताप, उमरोळीचा, बोईसरच्या कारखान्यात नोकरीला. मुलगा सोन्यासारखा आणि मंदाच्या मनात भरलेला. पण त्याचे वडील खंडेराव मास्तर! मास्तरांचा एकच बाणा होता: ज्या घरात हत्यार, त्या घराशी सोयरीक नाही. आधी मनोरला एक स्थळ पाहायला गेले होते. सगळं पसंत पडलं. तेवढ्यात भिंतीवर शिकारीची बंदूक दिसली. मास्तरांनी भरलेला कप तसाच ठेवला, नमस्कार केला आणि थेट एसटी गाठली.

"म्हणजे कळलं तर मोडेल?" तात्यांनी बायकोला विचारलं.

"मोडेल कसलं, मांडवातून उठून जातील ते!" दमयंतीबाई म्हणाल्या. "द्या ते पोलिसांत ठेवून."

"तिथला हवालदार मास्तरांच्या हाताखाली शिकलेला हाय."

"मग ऱ्हाऊ दे कपाटात."

"लग्नघर हाय. कपाटाची चावी कुणाच्या हातात असेल सांगता येतं? पोरं खेळायला घेतील. नाय, नाय. माझ्या अंगावरच पायजे."

तर असा माझा जन्म गरजेतून झाला.

पालघरला स्टेशनाबाहेर महादू चपला शिवायला बसत. तात्या त्यांच्याकडे गेले खरे, पण बाजारात रिव्हॉल्व्हर काढायचं कसं? म्हणून त्यांनी ते घरी वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड गिरवून नेली. महादूंनी बरोबर तेवढं चामडं कापून शिवलं. तयार झालेल्या खिशाला पोटच नव्हतं.

"ह्यात पोस्टकार्ड बसेल, तात्या," महादू म्हणाले. "जाडी कुठं लिवलीय तुमी?"

मग दमयंतीबाईंनी युक्ती काढली. गोळ्या काढून त्यांनी रिव्हॉल्व्हर कणकेच्या गोळ्यात दाबलं, ठसा उमटवला आणि डबा तात्यांच्या हाती दिला. वैशाखाचं ऊन, एसटीची गर्दी. पालघरला पोचेपर्यंत कणकेला घाम फुटला आणि रिव्हॉल्व्हरचा भोपळा झाला. महादूंनी भोपळ्याच्या मापाने खिसा शिवला. त्यात दमयंतीबाईंचा खलबत्ता आरामात बसला असता.

हे दोघे माझे थोरले भाऊ. एकात आता सुया राहतात, दुसऱ्यात मांजर.

शेवटी महादू स्वतः आरी, दोरा आणि चामडं घेऊन पामला आले. दार लावलं, रिकामं रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवलं आणि सुरू झाली एकच धमाल: हे बांधायचं कुठे?

आधी काखेत. तात्यांचा सदरा मलमलीचा, आतलं सगळं दिसे, आणि काखेत गळू झाल्यासारखे ते हात फाकवून चालू लागले. मग घोट्याला. धोतराखाली घोट्याला! पाऊल टाकलं की टक, पाऊल टाकलं की टक.

"घुंगरू बांधा जोडीला," दमयंतीबाई म्हणाल्या. "वाजंत्रीचा खर्च वाचेल."

मग पुढे, पोटावर. तात्या बसले की नळी मांडीत रुते, आणि पोट म्हणे मी आधी आलो. मग पाठीमागे, वाडीतले गडी कोयता अडकवायची आकडी बांधतात तिथे. गड्यांना ती जागा सोयीची, कारण गडी दिवसभर उभे. तात्या खुर्चीत टेकले आणि "आयो!" करून उठले.

तोवर महादू हसून हसून पुसायच्या फडक्याने डोळे पुसत होते. मग त्यांनी उजव्या कमरेच्या हाडावर, किंचित मागे, हात ठेवला. "हितं. थोडं पुढं झुकवून. पट्टा रुंद ठेवतो, म्हंजे वजन एका जागी बसायचं नाय. आतून शेळीचं मऊ कातडं लावतो, म्हंजे घामानं सोलायचं नाय."

तो मी.

मला बांधून तात्या उठले, बसले, वाकले, मांडी घालून जेवले. माडीवर चढून आले. दार लावलेल्या खोलीत नाचूनसुद्धा पाहिलं, दमयंतीबाईंनी टाळ्यांचा ठेका धरला. मग तात्या पंख्याखाली उभे राहिले आणि एकदम कमर चाचपत म्हणाले, "अरे, हाय का पडलं?"

कुणी मला याहून मोठं बक्षीस दिलेलं नाही. मी होतो आणि ते मला विसरले होते! आराम म्हणजे दुसरं काय?

लग्नाच्या दिवशी मी छाती फुगवून मांडवात शिरलो. तात्या पाहुण्यांना अत्तर लावत होते, पंक्तीत आग्रह करत होते, सुपारीच्या झावळ्यांच्या सावलीत म्हाताऱ्यांना टेकवत होते. कुणाला काही दिसलं नाही. अक्षता पडल्या. मी मनातल्या मनात नाचलो. आणि तेवढ्यात दमयंतीबाई बायकांच्या घोळक्यातून वाट काढत आल्या, चेहरा पांढराफटक.

"अहो! व्याहीभेट!"

बसून पाहिलं होतं, वाकून पाहिलं होतं, नाचून पाहिलं होतं. मिठी मारून कुणी पाहिलं नव्हतं!

आणि पामची व्याहीभेट म्हणजे नुसता हातात नारळ द्यायचा नव्हे. दोन व्याह्यांनी एकमेकांना कवटाळायचं, आणि सगळ्या मांडवाने ओरडायचं, "उचला! उचला!" जो दुसऱ्याला उचलील त्याची बाजू वरचढ. त्यासाठी हात घालायचा तो कमरेतच.

"मंदे," तात्या कसंबसं पुटपुटले, आणि मंदाने त्यांच्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. हातातला हार तिने गच्च आवळला.

खंडेराव मास्तर पुढे आले, उंच, सडपातळ, कडक इस्त्रीचे. टिळा झाला, नारळ झाला. "उचला, मास्तर! पाम उचला!" उमरोळीकर ओरडले. मास्तरांनी हात पसरले, तात्यांना छातीशी धरलं आणि त्यांचा डावा हात तात्यांच्या उजव्या कमरेवर आला. बरोबर माझ्यावर.

हात थांबला. बोटांनी मला चाचपलं. रुंद पट्टा. टणक फुगवटा. मी श्वास रोखला.

मास्तरांनी तोंड तात्यांच्या कानाशी नेलं.

"तुम्हालाही?"

"क... काय?"

"अंतर्गळ. हर्निया हो! मलाही आहे. हा बघा माझा पट्टा." त्यांनी तात्यांचा हात धरून आपल्या धोतराच्या निऱ्यांवर दाबला. आत लोखंडी पट्टीचा कडक पट्टा होता. "कुणाला सांगितलेलं नाही. उचलू नका हं. मीही उचलत नाही."

"नाय उचलत," तात्या म्हणाले.

मांडव बोंबलत होता, उचला, उचला! आणि हे दोघे व्याही एकमेकांना घट्ट धरून, गदागदा हसत, जागच्या जागी डुलत उभे. लोकांना वाटलं, काय हे प्रेम! बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

लग्न पार पडलं आणि तात्यांच्या मागे हर्निया लागला. मास्तर उमरोळीहून काढे पाठवू लागले. वाडीत आले की म्हणत, "व्याही, घागर उचलू नका. वडे नकोत." तात्यांच्या पुढ्यातलं सुक्या बोंबलांचं ताट ते स्वतः बाजूला सारत. तात्या बोंबलाकडे आशेने बघत आणि मी तात्यांकडे. मास्तर बसले की त्यांचा पट्टा रुते. ते कूस बदलत आणि म्हणत, "तुम्ही एवढे आरामात कसे हो बसता? कुणी शिवला तुमचा? मला द्याल का एकदा?"

तात्या हसत. पण हसणं हळूहळू उतरत गेलं. एकदा मंदा माहेरी आली तेव्हा म्हणाली, "तात्या, माझे सासरे रोज तुमच्या नावाने देवाला दिवा लावतात. त्या दिव्यासमोर मला जेवण जात नाही."

एकोणनव्वद साली निवडणूक आली. परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करा, असा हुकूम सुटला. तात्यांनी रिव्हॉल्व्हर जमा केलं, वर परवानाही परत करतो म्हणून लिहून दिलं, आणि तिथूनच रिकाम्या पोटाच्या मला पिशवीत घालून उमरोळीची वाट धरली.

मास्तरांनी मला पाहिलं मात्र, लहान मुलासारखे खूष झाले. आत गेले, आपला लोखंडी पट्टा फेकला, मला बांधून बाहेर आले. "अहाहा! व्याही, हा पट्टा नव्हे, हा स्वर्ग!" मग त्यांचा हात खिशावर गेला. "पण हा खिसा कशाला?"

मंदा चहा घेऊन दारात थबकली.

तात्यांनी सांगितलं. पंप, परवाना, कणीक, घोटा, मांडव, सगळं. मान खाली घालून सांगितलं. "मला हर्निया नाय, मास्तर. मला रिव्हॉल्व्हर होतं. आता तेबी नाय."

मंदाने कप मास्तरांपुढे ठेवला. त्या कपाकडे आम्ही सगळे पाहत होतो. मनोरचा कप आम्हाला ठाऊक होता. मास्तर उठले.

उठले, आणि मागच्या फडताळातून त्यांनी पितळी अडकित्ता काढला, सुपारी कातरायचा. माझ्या खिशात सरकवला. काय सांगू! माझ्यासाठीच घडवल्यासारखा बसला. मग मास्तर वळले, कमरेवर झडप घातली, अडकित्ता बाहेर काढून तात्यांवर रोखला.

"हात वर!"

तात्यांनी खरोखरच दोन्ही हात वर केले. मंदाच्या तोंडून हसू फुटलं, मास्तर मटकन खाली बसले, हसता हसता बशीत चहा ओतला आणि भुरका मारला.

डॉक्टरांनी पुढे सांगितलं की या पट्ट्याने हर्निया जात नसतो. मास्तरांनी ऑपरेशन करून घेतलं. आता हर्निया नाही, तरी मी त्यांच्या कमरेला आहे. माझं चामडं काळवंडलंय, शिवण एकदा उसवली होती, ती महादूंनी फुकट घालून दिली. व्याहीभेटीला आता पामपासून उमरोळीपर्यंत मास्तर पुढे असतात. आधी सुपारी कातरून देतात आणि मग खुशाल उचलतात.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी असलं काही कमरेला बांधायची पाळी तुमच्यावर आलीच, तर बसून बघा, वाकून बघा, जेवून बघा. पण विकत घेण्याआधी एकदा कुणाला तरी कडकडून मिठी मारून बघा. मिठीत टोचलं, तर ते तिथेच ठेवा आणि हात मोकळे घेऊन घरी जा.