कोरडा पाइप

प्लास्टिकच्या पाइपाची वकिली करायला प्लंबरला निमित्त लागत नसे. गंज नाही, आटे पाडायची कटकट नाही. सोल्युशन लावा, दाबून धरा, काम फत्ते. केमिकलच्या कारखान्यात आम्लाने लोखंडी पाइपांची चाळण व्हायची. तिथे त्याने टाकलेली प्लास्टिकची लाइन अजून ठणठणीत होती. वजनाला तर पाइप इतका हलका, की भारा खांद्यावर टाकून तो एकटा गच्चीपर्यंत जाई. गावाला हे ऐकवणाऱ्या या माणसाच्या घरात मात्र नळाला तांबडं पाणी यायचं, कारण तिथले लोखंडी पाइप त्याच्या बाबांनी बसवले होते.

बाबाही प्लंबरच. आता वरच्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. अर्धांगवायूने डावी बाजू गेली आणि आवाज पुटपुटण्यापुरता उरला. घंटा आणून दिली तर म्हणाले, "मी काय शाळेचा शिपाई आहे?" उशाशी ठेवलेला आपला जुना पाना उचलून ते भिंतीवरच्या पाइपावर टोला देत. एक टोला म्हणजे पाणी, दोन म्हणजे लघवीचं भांडं. खाली स्वयंपाकघरात ठण्ण झालं की प्लंबर नाहीतर त्याची बायको जिना चढे. हे दोघांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्याचा वेगळा विचार कुणी करत नसे.

प्लास्टिकला बाबा खेळणं म्हणत. पुष्कळ हुज्जत घातल्यावर एकदाचे म्हणाले, "कर बाबा. फिटू दे तुझी हौस."

प्लंबरने सकाळीच लोखंड उतरवून दाराशी भंगारात टाकलं. दुपारपर्यंत नवी लाइन जोडून झाली. सोल्युशन वाळू दिलं आणि मग खाली येऊन त्याने कॉक उघडला.

"अहो, भरल्या बादलीचा तळ दिसतोय!" बायको म्हणाली.

प्लंबरची कॉलर ताठ झाली. दोघं निवांत चहा पीत बसली.

"घर किती शांत वाटतंय, नाही?" तिने विचारलं.

"लोखंडासारखा खडखडाट नाही याला. हाही एक फायदाच."

चहा संपवून त्याने ग्लासभर पाणी घेतलं आणि बाबांचं तोंड बंद करायला तो वर गेला.

चादर ओली होती. बाबा अर्धे पलंगाबाहेर आले होते, घामाघूम, हातात पाना. नव्या पाइपावर ओरखडेच ओरखडे उठले होते.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ओरखड्यांवरून अंगठा फिरवत ते पुटपुटले, "फुटला नाही रे. चांगला आहे."

त्याने त्यांना उचललं, पुसलं, कपडे बदलले. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

तो खाली आला तेव्हा भंगारवाला पाइप हातगाडीवर चढवत होता. प्लंबरने त्यातला सगळ्यात लांब पाइप ओढून काढला.

"अहो, तो सडलाय आतून!" भंगारवाला म्हणाला.

"असू दे."

प्लंबरने तो नव्या पाइपाशेजारी क्लॅम्प मारून आवळला. वर बाबांच्या उशापासून खाली ओट्यापर्यंत. ना टाकीला जोडलेला, ना नळाला. बायकोने काही न विचारता खालचं टोक धरलं.

संध्याकाळी ओट्यापाशी ठण्ण झालं. एकच टोला. दोघंही एकदम जिन्याकडे धावली.